उन्हातून हायड्रोजन: अजून काय सुधारायचं राहिलंय?

प्रकाशाच्या जोरावर पाण्याचं विघटन करणाऱ्या उत्प्रेरकांवर मी काम करते. हे कळलं की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "हे तर १९७२ सालीच जमलं होतं ना? मग इतकी वर्षं सुधारताय तरी काय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

१९७२ चं म्हणणं खरं आहे. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर अतिनील प्रकाश पाडला. स्फटिकावर ऑक्सिजन सुटू लागला आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन. अडचण अशी की या पदार्थाला सुमारे ४०० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचाच प्रकाश चालतो आणि सूर्याच्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. त्यामुळे बहुतेकांना वाटतं की जास्त प्रकाश शोषणारा पदार्थ सापडला की काम झालं. माझा बराचसा वेळ मात्र प्रकाश शोषून झाल्यानंतर काय होतं, यातच जातो.

उत्प्रेरकाच्या कणावर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पडला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. हायड्रोजनचा एक रेणू तयार व्हायला दोन इलेक्ट्रॉन लागतात. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी मात्र पृष्ठभागावर एकाच ठिकाणी चार होल जमावे लागतात, आणि हे फार सावकाश घडतं. काही मिलिसेकंद लागतात, कधी सेकंदाचा मोठा भागही. इकडे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटून संपून जातात ते मात्र नॅनोसेकंद ते मायक्रोसेकंदांत. पाण्यातून ऑक्सिजन सुटण्याची वेळ येईपर्यंत होल शिल्लकच राहत नाही. उत्प्रेरक सुधारायचा म्हणजे मुख्यतः हे हजारो-लाखो पटींचं अंतर कापायचं.

ते कापता येतं, हे स्ट्रॉन्शियम टिटॅनेटने दाखवून दिलं. ही गोष्ट मला मनापासून आवडते. या पदार्थात कुठेकुठे ऑक्सिजनची जागा रिकामी राहते आणि शेजारच्या टायटॅनियमवरचा विद्युतभार चारऐवजी तीन होतो. असे दोष म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल भेटून संपण्याच्या हमखास जागा. याची पावडर वितळलेल्या स्ट्रॉन्शियम क्लोराइडमध्ये, ॲल्युमिनाच्या मुशीत तापवली तेव्हा ती एकदम कितीतरी अधिक कार्यक्षम झाली. शोध घेतल्यावर कळलं की मुशीतलं थोडं ॲल्युमिनियम पावडरीत उतरलं होतं. टायटॅनियमच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की ते दोष कमी होतात. आता ते मोजून, मुद्दाम घालतात.

पुढचं पाऊल त्याहून देखणं आहे. या स्फटिकाच्या काही बाजूंवर इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि काही बाजूंवर होल. पावडर पाण्यात ढवळत प्रकाश चालू ठेवला आणि धातूंचे क्षार घातले, तर ऱ्होडियम इलेक्ट्रॉनांच्या बाजूवर बसतं, कोबाल्ट होलच्या बाजूवर. ज्याला जिथे काम करायचंय, तो तिथेच जातो. ऱ्होडियमवर तयार झालेला हायड्रोजन ऑक्सिजनला भेटून पुन्हा पाणी होऊ नये म्हणून त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर देतात. तो ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. हे सगळं जुळवून २०२० मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ काझुनारी डोमेन यांच्या गटाने ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम एफिशियन्सी मिळवली. म्हणजे पडलेल्या दर शंभर फोटॉनांपैकी सुमारे ९६ कामी आले. माझ्या मते १९७२ नंतरची या विषयातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण होल हातचा जातो तो निसर्गनियमामुळे जात नाही, हे तिने सिद्ध केलं.

तरीही याच जातीच्या उत्प्रेरकाचं १०० चौरस मीटरचं पॅनल उघड्या उन्हात चाललं, तेव्हा सौरऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं, तरी ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशातून फार तर दोन टक्के मिळतात. ६०० पर्यंत पोचलं तर १६. म्हणून दृश्य प्रकाशाकडे जायलाच हवं.

आणि तिथे तोच होल वेगळ्या रूपात आडवा येतो. दृश्य प्रकाश शोषायचा तर बऱ्याचदा ऑक्साइडमध्ये गंधक किंवा नायट्रोजन आणावा लागतो. अशा पदार्थांत पाण्याची वाट पाहत थांबलेला होल पाण्याऐवजी पदार्थालाच खातो. कॅडमियम सल्फाइड उत्तम प्रकाश शोषतं आणि पाण्यात हळूहळू विरघळून जातं. वनस्पतींनाही हा त्रास चुकलेला नाही. त्यांच्यात मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला गुच्छ पाण्यातून ऑक्सिजन काढतो, पण त्याच्या आधाराचं प्रथिन प्रकाशात सतत बिघडतं आणि पेशी ते बदलत राहतात. आपल्या पावडरीची डागडुजी करायला कोणी नसतं.

यावर एक उपाय म्हणजे काम दोन पदार्थांत वाटणं: एकाने हायड्रोजन काढायचा, दुसऱ्याने ऑक्सिजन. २०१६ मध्ये अशा जोडीला सोन्याच्या थरावर बसवून १.१ टक्का मिळाला. २०२३ मध्ये इंडियम गॅलियम नायट्राइडवर ९.२ टक्के मिळाले. त्यात प्रकाश भिंगाने एकवटलेला होता आणि पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसवर ठेवलं होतं. त्या उष्णतेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा एकत्र येण्याचं प्रमाण घटतं. आकडा भरघोस आहे, पण तो साध्या उन्हातल्या साध्या पावडरीचा नाही, आणि दोन्ही आकडे एका रांगेत मांडणं मला पटत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगते. पुष्कळ प्रयोगांत पाण्यात मिथेनॉल घातलेलं असतं. मिथेनॉल होल चटकन गिळतं, त्यामुळे हायड्रोजन भरपूर सुटतो. पदार्थाची इलेक्ट्रॉनांची बाजू तपासायला ही पद्धत योग्य आहे. पण सगळ्यात अवघड टप्पा तिने वगळलेला असतो, आणि तरी मथळा 'पाण्यापासून हायड्रोजन' असा देतात तेव्हा मला वाईट वाटतं. अशी बातमी वाचलीत तर आधी ऑक्सिजन किती निघाला ते पाहा. हायड्रोजनच्या बरोबर निम्मा निघायला हवा.

"मग सौर पॅनल लावून विजेने पाणी फोडा की!" हेही हमखास ऐकते. आज तोच मार्ग पुढे आहे, निर्विवाद. पावडरीची बाजू घेता येते ती एवढ्यासाठीच की ती मोठ्या क्षेत्रावर स्वस्तात पसरता येईल. त्यासाठी सुमारे पाच ते दहा टक्के कार्यक्षमता हवी आणि उत्प्रेरक काही वर्षं टिकायला हवा. म्हणून हल्ली नवा पदार्थ हाती आला की पहिल्या तासाच्या आकड्याकडे मी फारसं बघत नाही. दिवा चालू ठेवते आणि ऑक्सिजनची रेघ कधी खाली झुकायला लागते ते पाहते.