कापूस, दारूगोळा आणि बायकांचे हात

सेलू-परभणीकडच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या बायांना हे कुणी शिकवावं लागत नाही: कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा गेला की यंत्रात ठिणगी पडते आणि रुई पेटते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत ज्या लाखो बायका कामाला लागल्या, त्यातल्या हजारो जणींच्या हाताखाली कापूसच होता. फक्त तो आम्लातून काढलेला.

तोफेतून गोळा बाहेर फेकणारं स्फोटक म्हणजे कॉर्डाइट. त्यासाठी सूतगिरणीतला टाकाऊ कापूस आधी क्षारात उकळून त्याचं तेल-मेण काढायचं, कडकडीत वाळवायचा, मग नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवायचा. कापसात ओल राहिली की आम्ल तापतं, लालसर धूर निघतो आणि सगळा घाणा वाया जातो. नंतरचं धुणं तर फारच जपून. तंतूत आम्ल अडकून राहिलं तर ते साठवणीत हळूहळू कापूस कुजवतं, आणि कोठार आपोआप पेटू शकतं.

या कापसावर नायट्रोग्लिसरीन ओतलं की लगदा होतो. स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटना इथल्या नऊ मैल लांब पसरलेल्या कारखान्यात बायका तो हाताने कालवत. काठवटीत ज्वारीचं पीठ मळतो तसंच मनगटाचं काम. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी त्याला ‘सैतानाची लापशी’ म्हटलं. तिथलं प्रमाण होतं कापूस ५२, नायट्रोग्लिसरीन ४२ आणि पेट्रोलियम जेली ६ टक्के. अ‍ॅसिटोन या विरघळवणाऱ्या रसायनाचा तुटवडा होता म्हणून मळायला ईथर आणि अल्कोहोल वापरत, त्याच्या वाफेने बायकांना गुंगी यायची. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आत शिरून रक्तवाहिन्या फुगवतं, त्यामुळे डोकं ठणकतं. चार दिवसांत शरीर सरावतं, पण रविवारची सुट्टी झाली की सोमवारी ठणका पुन्हा सुरू.

ठिणगीचे नियम मात्र कडक होते. केसातल्या पिना, धातूची बटणं, काडेपेटी यांची झडती. दाराशी आडवा अडसर; बाहेरची पादत्राणं अलीकडे काढायची आणि आतली, बिनखिळ्याची, पलीकडे पाय टाकतानाच घालायची. आपल्याकडच्या बाईला मंगळसूत्र, जोडवी सगळं बाहेर ठेवावं लागलं असतं. स्फोटकांना बायकांपासून जपायचे नियम पहिल्या दिवसापासून होते. बायकांना स्फोटकांपासून जपायला उशीर झाला, आणि माझ्या मते खरा अन्याय तो.

गोळ्यात भरायचं स्फोटक, टीएनटी, सुमारे ८० अंशांवर वितळतं. गार होताना ते आकसतं आणि मध्ये पोकळी राहते. तशीच राहू दिली तर तोफ डागताना बसणाऱ्या हिसक्याने गोळा नळीतच फुटू शकतो, म्हणून वरून पुन्हा भर घालावी लागते. या कामात भुकटी घामाने अंगाला चिकटे. हात, चेहरा पिवळे, कपाळावरचे केस तांबूस. लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत, त्या नावाच्या पिवळ्या पक्ष्यावरून. हा पिवळेपणा बहुतेक वेळा कातडीवरचा डाग असे, पण डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं की समजावं, विष यकृतात पोचलं. बार्बारा कनिंगहॅम आणि अ‍ॅग्नेस लिव्हिंगस्टन-लर्मंथ या दोन डॉक्टर बायकांनी १९१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही लक्षणं नीट वेगळी करून मांडली. उपाय म्हणून बायकांना टीएनटीच्या कामावरून पाळीपाळीने हलवू लागले. प्यायला दूधही देत, पण कातडीतून शिरणारं विष दूध कसं अडवणार?

५ डिसेंबर १९१६ च्या रात्रपाळीत लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात, साडेचार इंची गोळ्यांना फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बसवणाऱ्या खोलीत स्फोट झाला. ३५ बायका गेल्या. काही जणींची ओळख फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून पटली. मृतदेह हलवल्यावर त्याच खोलीत कामाला उभ्या राहायला दुसऱ्या बायका आपणहून पुढे आल्या.