राग आला, पण धडधड कशाची?

जिने धावत चढून आल्यावर थोड्या वेळाने वाचलेला तिरकस मेसेज नेहमीपेक्षा जास्त झोंबतो. यात स्वभावाचा भाग थोडा, शरीराच्या हिशेबातला घोळ मोठा.

शरीर आधी बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये मांडलं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये नेमकी अडचण दाखवली: भीती असो, संताप असो की नुसता ताप, आतल्या अवयवांतले बदल बरेचसे सारखेच असतात. मग निव्वळ धडधडीवरून राग ओळखायचा कसा?

शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांचं 1962 चं उत्तर असं: उत्तेजना शरीर देतं, तिला नाव आपण भोवतालच्या प्रसंगावरून देतो. त्यांनी 184 विद्यार्थ्यांना ‘जीवनसत्त्व’ म्हणून इंजेक्शन दिलं. काहींच्या सुईत धडधड वाढवणारं अ‍ॅड्रेनलिन होतं, काहींच्या नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. धडधड होईल हे ज्यांना आधीच सांगितलं होतं, ते खोलीत आनंदाचं किंवा रागाचं नाटक करणाऱ्या, पढवलेल्या माणसाच्या मूडमध्ये कमी वाहवले. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. पण सलाइनवाले आणि अ‍ॅड्रेनलिन घेऊनही धडधडीबद्दल काही न सांगितलेले, यांच्यातला फरक तसा किरकोळच होता. शिवाय 1979 च्या पुनर्प्रयोगांत कारण न कळणारी धडधड बहुतेकांना अप्रियच वाटली. म्हणजे उत्तेजनेवर हवा तो रंग चढतो, हे काही खरं नाही.

मला मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांची मांडणी जास्त टिकाऊ वाटते. व्यायामानंतर लगेच आपण दमलोय हे ठाऊक असतं, म्हणून चूक होत नाही. काही मिनिटांनी ‘आता ठीक आहे’ असं वाटतं, पण उत्तेजना पूर्ण उतरलेली नसते. धोका याच मधल्या वेळेत. उरलेली धडधड पुढच्या प्रसंगाच्या खात्यावर जमा होते.

म्हणून उत्तर टाइप करण्याआधी मागचा अर्धा तास आठवावा: धावपळ, कॉफी, आधीचं भांडण? मग काही वेळ बसून राहावं. बसल्या बसल्या तोच मेसेज पुन्हा वाचला, तर उत्तेजना उतरण्याऐवजी नव्याने चढते. उशीला ठोसे मारून राग ‘काढणं’ही याच कारणाने फसतं, मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात राग आणणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारणारे गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त संतापलेले निघाले.

नाडी शांत झाल्यावरही मेसेज तितकाच खटकत असेल, तर मात्र कारण त्या मेसेजमध्येच आहे. तेव्हा खुशाल उत्तर द्यावं.