स्पेलिंग बरोबरच होतं

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. मराठी-कन्नड पुस्तकांची यादी आणि देवघेव त्याच्यावर चालते. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी सुचवलं, की पुस्तकावरचा बारकोड मोबाइलच्या कॅमेऱ्यानेच वाचू. पण ब्राउझर पानाला कॅमेरा वापरू देतो तो एचटीटीपीएसवर, साध्या एचटीटीपीवर नाही. म्हणजे पानं पुरवणाऱ्या अपाचे या सर्व्हरला एसएसएल, म्हणजे ये-जा कुलूपबंद करणारी सोय, हवं. ते काम माझ्या गळ्यात आलं. मी राहतो बेळगावात, टिळकवाडीत. शनिवारी सकाळी बस धरायची, रविवारी संध्याकाळी परतायचं. असे दोन शनिवार-रविवार गेले.

आधीच्या पोराने अपाचे 2.4 सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, कंपाइल करून ठेवलेलं. मीही त्याच वाटेने नवी आवृत्ती घेतली. उबंटूचं तयार पॅकेज टाकलं असतं तर तासाभरात चहा पिऊन मोकळा झालो असतो, पण खुमखुमी होती.

कॉन्फिगर (मशीन तपासणं), मेक (बांधणं), मेक इन्स्टॉल (बसवणं). तिन्ही विनातक्रार. सर्टिफिकेट बनवलं, कॉन्फ फाइलीत एचटीटीपीएसच्या 443 पोर्टाचा भाग लिहिला आणि सर्व्हर सुरू करायला गेलो, तर उत्तर आलं: ‘एसएसएलइंजिन’ ही आज्ञा चालत नाही, स्पेलिंग चुकलं असेल, नाहीतर सर्व्हरमध्ये नसलेल्या एखाद्या मॉड्यूलची (जोडभागाची) असेल.

मी मूर्खासारखा पहिल्या शक्यतेला चिकटलो. कॅपिटल अक्षरं बदलून पाहिली, ओळ पुसून पुन्हा टाइप केली, कॉपी करताना एखादं अदृश्य अक्षर शिरलंय का तेही शोधलं. ग्रंथपालकाका दर अर्ध्या तासाने डोकावत होते. “झालं काय गा?” “होतंय काका.” काही होत नव्हतं.

शेवटी अपाचेचं मॉड्यूल्स फोल्डर उघडलं. साठ-सत्तर फायली, पण एसएसएलच्या मॉड्यूलची, म्हणजे मॉड एसएसएलची, फाइल नाहीच. हे पहिल्या पाच मिनिटांत बघायला हवं होतं. तुम्ही आधी तेच बघा. ‘एचटीटीपीडी’ला (अपाचेचा मुख्य प्रोग्राम) डॅश आणि कॅपिटल एम दिला की सध्या लोड झालेली मॉड्यूलं दिसतात, डॅश आणि छोटा एल दिला की आतच बांधलेली. आणि मॉड्यूल चालू करायला जो तो ‘ए-टू-एन-मॉड’ चालवा म्हणून सांगतो त्याचं ऐकू नका. ती डेबियन-उबंटूच्या पॅकेजची सोय आहे, सोर्सवाल्याकडे ती नसते.

मग फाइल बनलीच का नाही? कॉन्फिगर पुन्हा चालवलं आणि या वेळी आउटपुट फायलीत साठवून एकेक ओळ वाचली. शेकडो ‘येस’ आणि ‘नो’च्या गर्दीत सापडलं: एसएसएलचं खरं काम करणारं ओपनएसएसएल 0.9.8ए किंवा पुढचं आहे का, फेल. त्याखाली इशारा, तुमचं ओपनएसएसएल फार जुनं आहे. त्याखाली, मॉड एसएसएल घ्यायचं का, नो. आणि गाडी पुढे!

जुनं? मशीनवर 3.0.2 होतं. डोकं फिरायची वेळ आली. तरी मी त्या इशाऱ्यावर विश्वास ठेवला आणि अख्खा रविवार नवं ओपनएसएसएल उतरवण्यात घालवला. वाचनालयात रेंज नाही, म्हणून फोन घेऊन देवळाच्या पायरीवर, वरून पाऊस. सत्तर टक्क्यांवर डाउनलोड तुटलं, दोनदा.

खरी गोष्ट एवढीशी होती. मशीनवर ओपनएसएसएल चालत होतं, पण त्याच्या हेडर फाइली नव्हत्या. प्रोग्राम चालवायला त्या लागत नाहीत, दुसरा प्रोग्राम त्याच्यावर कंपाइल करायला लागतात, आणि उबंटूत त्या ‘लिबएसएसएल-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात येतात. कॉन्फिगर एक चिमुकला प्रोग्राम कंपाइल करून आवृत्ती तपासतं. हेडरच नाही म्हटल्यावर तो कंपाइल होत नाही, आणि कॉन्फिगर त्याचा अर्थ ‘जुनं’ असा लावतं. ‘सापडलं नाही’ म्हणायला काय जात होतं? माझा राग अजून गेलेला नाही.

त्याहून मोठा राग गपचूप पुढे जाण्याचा. मॉड एसएसएल नेहमीच्या संचात धरलेलं असतं, त्यामुळे जमलं तर घेतं, नाही जमलं तर सोडून देतं. तुम्ही ‘इनेबल-एसएसएल’ असं स्पष्ट लिहिलंत तर मात्र ते जागेवर थांबतं आणि मागितलेलं मॉड्यूल बनवता येत नाही म्हणून एरर देतं. म्हणून जे मॉड्यूल हवंच आहे ते नाव घेऊन मागा. पानं दाबून लहान करणाऱ्या मॉड डिफ्लेटचंही असंच, त्याला झेडलिब ही लायब्ररी लागते.

दुसऱ्या शनिवारी डेव्ह पॅकेज टाकलं, मेक क्लीन करून सगळं पुन्हा केलं. फाइल आली. सर्व्हर तरी तीच एरर देतो! कारण मेक इन्स्टॉल तुमची आधीची कॉन्फ फाइल पुसत नाही (तो चांगुलपणाच म्हणा), त्यामुळे मॉड्यूल चालू करणारी लोडमॉड्यूलची नवी ओळ तिच्यात येत नाही. नवीन नमुना ‘ओरिजिनल’ फोल्डरात पडलेला असतो, तिथून ती ओळ उचलली. मग सेशन कॅशची तक्रार. पण त्या एररने सरळ ‘सोकॅश एसएचएमसीबी’ मॉड्यूलचं नाव सांगितलं. त्याच्या ओळीपुढचं हॅश (#) काढलं, झालं. सगळ्या एरर अशा असत्या तर!

अरे हो, एपीआर (अपाचेला लागणारी लायब्ररी) सोर्समध्येच ठेवणार असाल तर फोल्डराचं नाव नुसतं ‘एपीआर’ ठेवा, आवृत्तीचा आकडा काढून टाका. तिथेही मी वीस मिनिटं खाल्ली होती.

‘सिंटॅक्स ओके’ आलं तेव्हा चार वाजले होते. काकांच्या हातात फोन दिला. त्यांनी पान उघडलं, चष्मा वर केला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. “हे सुरक्षित नाही म्हणालंय की गा!”

सर्टिफिकेट मीच सही केलेलं होतं, ब्राउझरच्या ओळखीच्या कुणी नाही. आता ते समजावायला बसलो.