सिंत्रा: पेनाच्या तिकिटावरची वेळ आणि फाटकापासूनचा चढ

पेना राजवाड्याच्या तिकिटावर छापलेली वेळ ही राजवाड्याच्या दाराशी उभं राहायची वेळ आहे, बागेच्या फाटकातून आत शिरायची नव्हे. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या सिंत्राला जाणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. फाटकापासून दारापर्यंत सलग चढ आहे. धडधाकट माणसालाही अर्धा तास हाताशी लागतो. उशीर झाला तर तिकीट बुडालं, पैसे परत मिळत नाहीत. निघण्याआधी आम्ही ढीगभर व्हिडिओ पाहिले. सगळ्यांनी पिवळ्या भिंती आणि लाल मनोरा दाखवला, तो चढ एकानेही दाखवला नाही.

त्यात स्टेशनबाहेरची मंडळी. सिंत्रा स्टेशनातून बाहेर पडलं की गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं घेरतात. "वरचा रस्ता बंद आहे, टुकटुकनेच जावं लागेल." ही अर्धी गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. पेनाकडे जाणारा रस्ता बंद आहे तो खाजगी गाड्यांना, बसला नाही. 434 नंबरची बस स्टेशनवरूनच सुटते आणि गावातून, मूरांच्या (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांच्या) किल्ल्यावरून थेट पेनाच्या फाटकाशी जाते. माणशी पंधरा युरो ठरवून आम्ही टुकटुकमध्ये बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर तीच बस आमच्या मागे येऊन उभी राहिली. वर उतरल्यावर गडी वीस मागायला लागला, कारण काय तर सकाळची गर्दी. भांडून पंधरावरच थांबवलं, पण दहा मिनिटं गेली ती गेलीच.

साडेदहाची वेळ होती. फाटकावरच्या माणसाने तिकीट तपासलं आणि हसून आत सोडलं, वेळेबद्दल एक शब्द नाही. समोर पाटी, राजवाडा वर. धुकं इतकं की पुढच्या वळणापलीकडचं दिसत नव्हतं. रस्ता ओल्या दगडांचा, छोटे छोटे चौकोनी दगड बसवलेले, पाय टेकला की सरकतो. आमच्याबरोबर बायकोचे मामा होते, रोज टेकडी चढणारे, दमखम असलेले. ते एका वळणावर कठड्याला धरून थांबले आणि म्हणाले, "अहो, आणखी किती?" मलाच ठाऊक नव्हतं. शेवटची काही मिनिटं आम्ही अक्षरशः पळत काढली. बागेत वर नेणारी छोटी बस आहे, तिचं तिकीट वेगळं. गुडघे दुखत असतील किंवा वेळ कमी असेल तर ती घ्या, पण तिलाही रांग असते हे धरून चाला.

दोन मिनिटं राखून दारात पोचलो आणि मग पाऊण तास रांगेत उभे राहिलो. वेळ पाळायची सक्ती आपल्याला, त्यांना नाही. याचा मला मनापासून राग आला आणि अजूनही आहे. एका वेळेला इतक्या लोकांना तिकिटं विकायची, तर त्या वेळेला अर्थ काय राहिला?

आत दर्शनबारीसारखं आहे. दोरीच्या मधून पुढे सरकायचं, थांबलात की मागून धक्का. खोल्या चांगल्या आहेत, स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी पाहण्यासारखी आहेत, पण पाहू देतात कुठे! माझं स्पष्ट मत: पेना बाहेरून आणि बागेतून पाहायची वास्तू आहे. हिएरोनिमाइट साधूंचा इथला जुना मठ 1755 च्या भूकंपात मोडकळीला आला होता. राणी दुसरी मारिया हिचा नवरा फर्डिनांड याने तो 1838 मध्ये विकत घेतला आणि त्याच्याभोवती स्वतःच्या कल्पनेतला महाल उभा केला. घुमट, बुरूज, कमानीवर बसलेला तो शिंपल्यातला अक्राळविक्राळ ट्रायटन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा मासा असा समुद्रदेव, ही सगळी गंमत बाहेरच्या अंगाला आहे. दोनशे हेक्टरांहून मोठी बागही त्यानेच लावून घेतली आणि तिथे जेमतेम गर्दी असते. नुसत्या बागेचं तिकीट बरंच स्वस्त पडतं. कोणत्या तिकिटात गच्च्या येतात ते काढताना वाचून घ्या, हे नियम बदलत राहतात. आत जायचंच असेल तर दिवसाची पहिलीच वेळ घ्या आणि निदान तासभर आधी फाटकाशी हजर व्हा. मधल्या वेळा घेऊ नका.

तिथून मूरांचा किल्ला चालत काही मिनिटांवर आहे. इथे माझा सगळा शीण उतरला. आठव्या-नवव्या शतकात बांधलेला हा किल्ला 1147 मध्ये लिस्बन पडल्यावर लढाई न होता पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेश याच्या हाती आला. आज उरलेत ते डोंगराच्या कण्यावरून चढत-उतरत जाणारे तट आणि त्यांच्यामधले प्रचंड गोल खडक. त्यातलं बरंचसं बांधकाम त्याच फर्डिनांडने एकोणिसाव्या शतकात डागडुजी करून उभं केलेलं आहे. आम्ही वरच्या बुरुजावर पोचलो आणि धुकं फाटलं. एका बाजूला पेना, खाली गावातल्या राजवाड्याच्या दोन पांढऱ्या चिमण्या म्हणजे धुराडी, पश्चिमेला अटलांटिक. मामा तर खाली यायलाच तयार नव्हते. एकच राजवाडा किंवा किल्ला पाहण्याइतके पैसे असतील तर हा किल्ला पाहा, हे मी पेना पाहून आल्यावर सांगतोय. तटाच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आतल्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडा नाही. चांगल्या पकडीचे बूट हवेत. जोराचा वारा असेल तर लहान मुलांना तटावर नेऊ नका.

उतरताना बस घेऊ नका. 434 एकाच दिशेने फेरी मारते आणि दुपारी वरच्या थांब्यावर तिच्यासाठी लांबलचक रांग असते. किल्ल्याच्या फाटकाजवळून व्हिला सासेतीची पायवाट खाली गावात उतरते. दोन किलोमीटरच्या आत, झाडीतून, मोठमोठ्या खडकांखालून, फुकट. आम्हाला तासही लागला नाही. वर जातानाही हीच वाट धरता येते. पायात जोर असेल तर टुकटुकपेक्षा शंभर पटीने चांगली. फक्त सासेतीच्या बागेचं फाटक संध्याकाळी बंद होतं, म्हणून उजेडी उतरा.

गावातला राष्ट्रीय राजवाडा लोक बाहेरून चिमण्यांचा फोटो काढून सोडून देतात, हे चूक आहे. त्या 33 मीटर उंच चिमण्या स्वयंपाकघराच्या आहेत. त्यांच्या खाली उभं राहून वर पाहा, मगच राजघराण्याच्या मेजवानीचं माप कळतं. वर एका दालनाच्या छतावर 72 सरदार घराण्यांची मानचिन्हं रंगवलेली आहेत आणि भिंती निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेल्या आहेत. सहावा अफोन्सो राजा याच राजवाड्यात कैदेत होता आणि इथेच 1683 मध्ये वारला. त्याची खोली दाखवतात. चढ नाही, धक्काबुक्की नाही, आणि शतकानुशतकं राजे जिथे खरोखर राहिले ती जागा हीच.

किन्ता दा रेगालेइरा हा महाल आणि त्याची बाग चौकातून चालत पंधरा मिनिटांवर. टुकटुकवाले इथेही "खूप लांब आहे" म्हणतील, ऐकू नका. कार्व्हाल्यो मोंतेइरो या गर्भश्रीमंत माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुईजी मानिनी या इटालियनाकडून हे घडवून घेतलं. मानिनी मूळचा रंगभूमीचे पडदे रंगवणारा. बागेत फिरताना ते जाणवतं, प्रत्येक वळणावर एक देखावा मांडलेला. सगळे येतात ते उलट्या मनोऱ्यासारख्या विहिरीसाठी. 27 मीटर खोल, भिंतीला धरून गोल उतरणारा जिना, आणि तळाशी निघणारे बोगदे. ही पाण्याची विहीर कधीच नव्हती. भर दुपारी तिथेही रांग असते. उघडल्या उघडल्या जा आणि बाकी काही न पाहता आधी विहिरीकडे चाला, बाग नंतर निवांत होते. बोगद्यात जमीन ओली असते, दिवे मंद आहेत.

आता जाण्याबद्दल. लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून गाड्या वरचेवर सुटतात, चाळीस मिनिटं लागतात. सकाळी तिकीट यंत्रांपुढे परदेशी पाहुण्यांची झुंबड असते, म्हणून नव्हेगांत या प्रवासाच्या कार्डात आदल्या संध्याकाळीच पैसे भरून ठेवा. गाडी भाड्याने घेऊन जाऊ नका, खाली लावायला जागा नाही आणि वर जाऊ देत नाहीत. लिस्बनमध्ये लख्ख ऊन असलं तरी डोंगरावर ढग अडकलेला असतो. एक जाकीट लागतंच, उन्हाळ्यातसुद्धा. आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की डोंगरावरची ठिकाणं सरळ बंद ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री एकदा पाहून घ्या. दुपारी भूक लागली की चौकातल्या महागड्या थाळ्यांऐवजी बदाम आणि अंड्याचं सारण भरलेले गरम त्रावेसेइरो (गोड पेस्ट्री) घ्या, दोन खाल्ले की संध्याकाळपर्यंत चालतं.

दुसऱ्या दिवशी 435 नंबरच्या बसने मोन्सेरातचा महाल आणि बाग पाहायला गेलो. शांत, सुंदर, गर्दी नाही. जा. परतीच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा, कारण तिथे टुकटुकवाला भेटला तर तो सांगेल ती किंमत द्यावी लागते.