भोपाळचा नेमका आकडा

“भोपाळमध्ये नेमकी किती माणसे दगावली?” १९८४ च्या वायुदुर्घटनेतील बाधितांच्या सर्वेक्षणाचे माझे काम कळले की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो, आणि मी अडखळले की ‘एवढे सर्वेक्षण करून साधा आकडा सांगता येत नाही?’ असे ऐकवले जाते. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून लिहिते.

सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता, मध्य प्रदेश शासनाने पुढे ३,७८७ मान्य केला आणि मृत्यूची भरपाई ५,२९५ प्रकरणांत दिली गेली. यांतला कुठलाही आकडा सांगून मी मोकळी होऊ शकते; तरुणपणी होतही असे. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ८०,०२१ बाधितांचा पाठपुरावा हाती घेतला, तेव्हा वस्त्यांची तीव्र, मध्यम, सौम्य अशी वर्गवारी पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंवरून झाली होती. विषारी वायू हवेत किती होता हे त्या रात्री कोणी मोजलेच नव्हते, त्यामुळे दुसरा मार्ग तरी कोणता होता? तरीही माणूस बाधित की नाही हे त्याच्या पत्त्यावरून ठरले आणि त्या रात्री स्टेशनावर गाडी बदलणारा प्रवासी कोणत्याच वस्तीचा नव्हता.

बऱ्याच वर्षांनी मी तिथल्याच एका लहान सर्वेक्षणात होते. जे. पी. नगर या बाधित वस्तीतल्या एका घराला तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा कुलूप दिसले, म्हणून नियमाप्रमाणे मी ‘स्थलांतरित’ अशी नोंद करायला लावली. महिन्याभराने शेजारच्या घरी गेले असता तिथल्या बाईंनी प्लास्टिकची एक पिशवी पुढे ठेवली. दम्याने बेजार झालेली ती कुलूपवाली बाई विदिशेला भावाकडे गेली होती आणि तिथेच वारली होती. जाताना दवाखान्याच्या सगळ्या चिठ्ठ्या ‘सर्वेवाल्या मॅडमना दाखवा’ म्हणून ठेवून गेली होती. मी चिठ्ठ्या चाळल्या, पिशवी परत दिली आणि नोंद बदलली नाही.

यावर माझे समर्थन तयार आहे, आणि ते चुकीचे नाही. बाधित वस्तीतले मृत्यू शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून धरायचे आणि तुलनेसाठी निवडलेल्या वस्तीत तशी चौकशीच करायची नाही, तर फरक फुगतो आणि समोरच्या वकिलाला आयते कोलीत मिळते. मग दोन्हीकडे चौकशी का केली नाही? वेळ आणि पैसे नव्हते, असे मी तेव्हा लिहून दिले. आज वाटते की मी तशी मागणीही केली नव्हती. आकडा सांगायला नकार दिला की कमी भरपाई देणाऱ्यांचे फावते, हेही मला कळते. म्हणून पंगतीत कधी ५,२९५ सांगते, ‘किमान’ हा शब्द जोडते, आणि वाढपी पुढे गेला की त्या ‘किमान’मध्ये विदिशेची ती बाई नाही हे आठवते.