गळ्यातलं कार्ड

बस उलटल्याची मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताचा सराव होता. पहिल्या वर्षाच्या २० विद्यार्थिनी मैदानात जखमींचं सोंग घेऊन पडल्या होत्या: ८ हिरव्या (किरकोळ जखमी), ६ पिवळ्या (थोडं थांबू शकतील अशा), ४ लाल (तातडीच्या), २ काळ्या (मृत किंवा वाचण्यापलीकडच्या). तिसऱ्या वर्षाच्या मुली ट्रायज करणार, म्हणजे उपचार आधी कोणाला ते ठरवून त्या रंगाचा टॅग बांधणार, आणि आम्ही दोघी परीक्षक. प्रत्येक 'रुग्णा'च्या गळ्यात कार्ड होतं. त्यावर श्वास किती, मनगटाची नाडी लागते का, सांगितलेलं ऐकते का, एवढंच लिहिलेलं.

पद्धत स्टार्ट (START), म्हणजे झटपट ट्रायजचे ठरलेले नियम. चालता येणारे सगळे हिरवे. श्वास नसेल तर श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३०च्या वर असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल, तर लाल. उरलेले पिवळे. एका रुग्णाला ३० ते ६० सेकंद. लेखी परीक्षेत हे सगळ्यांनी बिनचूक लिहिलं होतं.

नऊ नंबरच्या कार्डावर श्वास २४, नाडी लागते, सूचना पाळते, पाय मोडलेला. एकीने काही सेकंदांत पिवळा टॅग बांधला. फेरतपासणीला दुसरी आली, तिनेही पिवळाच ठेवला. दोघींनी आकडे मोठ्याने म्हटले आणि मी चेकलिस्टवर 'श्वास तपासला', 'नाडी तपासली' अशा बरोबरच्या खुणा केल्या.

पुढे सरकताना नऊ नंबरचे ओठ पांढरे दिसले. कपाळावर घाम, हात गार, नाडी जलद आणि बारीक. श्वास मोजला तर ३४. मुलगी सकाळपासून उपाशी होती आणि उन्हात पडून होती. ड्रिल थांबवली, तिला सावलीत नेलं. ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर ५६, म्हणजे कमी. ती शुद्धीत होती, गिळू शकत होती, म्हणून साखरपाणी दिलं. १५ मिनिटांनी पुन्हा साखर पाहिली, तेव्हा ती वर आली होती.

तिच्यावर टॅग बांधणाऱ्या दोघींना माझ्या कागदावर पूर्ण गुण होते. दोष त्यांचा कमी, मांडणीचा जास्त. कार्डावर उत्तर छापलेलं असेल तर ६० सेकंदांत काम उरकायला निघालेली मुलगी कार्डच वाचणार. म्हणजे आम्ही मैदानात पुन्हा लेखी परीक्षाच घेत होतो, फक्त उन्हात.

त्यानंतर कार्डं परीक्षकाच्या खिशात गेली. कृती प्रत्यक्ष झाली तरच आकडा सांगायचा. छातीकडे बघत निदान १५ सेकंद श्वास मोजला तर श्वासाचा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर बोटं टेकवली तर नाडीचा. (स्वतःच्या अंगठ्याने नाडी बघणाऱ्या निघतातच, त्यांना आकडा नाही.) श्वासाचा सोंग-अभिनय फार वेळ करायला लावू नये. मिनिटाला ३६ श्वास खरोखर घेत राहिलं की मुंग्या येतात, चक्कर येते. नखं दाबून रंग परत येण्याची वेळ मोजणंही मॉक ड्रिलमध्ये कुचकामी. निरोगी मुलीच्या नखाचा रंग २ सेकंदांच्या आत परततोच.

गुणांची एकच टक्केवारी देणंही बंद केलं. लाल रुग्णाला पिवळा टॅग आणि पिवळ्याला लाल टॅग या दोन वेगळ्या चुका आहेत, त्या वेगळ्या रकान्यांत मोजाव्या लागतात. नाहीतर सगळ्यांना लाल टॅग बांधणारी मुलगी 'एकही गंभीर रुग्ण सुटला नाही' म्हणून वर येते. आरडाओरडा करणाऱ्यापाशी रेंगाळणं, काळ्या टॅगच्या रुग्णाला छातीदाब सुरू करणं, या चुका वेळेच्या नोंदीतच सापडतात. म्हणून पोहोचल्यापासून टॅगची गाठ बसेपर्यंत स्टॉपवॉच. या टप्प्यावर उपचार म्हणून श्वासमार्ग मोकळा करणं आणि जोराचा रक्तस्राव थांबवणं, एवढंच.

दोघी परीक्षक आता एकमेकींना न दाखवता गुण देतो आणि मगच जुळवतो. फरक पडतो तो बहुतेक 'नाडी तपासली' याच ओळीवर. एकीला बोटं टेकवणं पुरतं, दुसरीला थांबून मोजणं हवं असतं. ती ओळ फोडून दोन केल्या. शिवाय दोन पिवळ्या रुग्णांना दहाव्या मिनिटाला लाल व्हायला सांगतो, म्हणजे फेरतपासणी खरी होते का ते कळतं.

'रुग्णां'ना ड्रिलआधी खाऊ घालतो, सावलीची जागा निवडतो आणि एक ठरावीक वाक्य देतो: "हे खरं आहे." ते ऐकलं की सगळं थांबतं.

पुढच्या ड्रिलमध्ये पहिल्या तिघींनी आधी रुग्णाच्या गळ्यात कार्ड शोधलं.