ग नसलेली घंटा

मधली सुट्टी संपल्याची घंटा या वर्षी तुम्ही बनवायची, असा शब्द मी चौथीच्या वर्गाला जूनमध्येच देऊन बसले होते. लोखंडी टोल आहे तो राहणारच. त्याच्या जोडीला स्पीकरवर वाजेल अशी आठ-दहा सेकंदांची धून. शब्द देताना काही वाटत नाही. पुढे दर दोन दिवसांनी 31 पोरं विचारायला लागतात, "बाई, घंटा कधी?"

शाळा मिरजेतली, महापालिकेची. वर्गात एक लॅपटॉप, देणगीतून आलेला एक टीव्ही आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट. मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला की रेंज बरी येते, त्यामुळे ती खिडकी कायम उघडी, पाऊस असला तरी.

प्रशिक्षणाला गेलं की तासाभरात पंधरा-वीस वेबसाइटची नावं कानावर पडतात आणि प्रत्येकीपुढे 'मोफत' लिहिलेलं असतं. घरी येऊन उघडाव्यात तर पहिल्याच पानावर ईमेल मागतात, नाहीतर आठवड्याभरानं पैसे. नऊ वर्षांच्या पोरांचे ईमेल मी कुठून आणू? आणि असले तरी का द्यायचे? म्हणून मुलांच्या नावानं खातं उघडावं लागणार असेल तर ते मी वर्गात आणत नाही. या चाळणीतून फार थोडं खाली पडतं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ आहे, 2015 पासूनचं. गोष्ट रचायला खातं लागतं, पण एकच, ते माझं. मुलं चित्रं निवडतात, गोष्ट सांगतात, मी मोबाईलवर मराठीत बोलून टाइप करून घेते. आणि दुसरं क्रोम म्युझिक लॅब, सुरांशी खेळायचं संकेतस्थळ. ते 2016 साली आलं, त्यातलं साँग मेकर 2018 चं. पान उघडायचं आणि वाजवायचं, नाव-गाव कोणी विचारत नाही. झालेलं काम जपायचं तर ते एक लिंक देतं, ती मी शाळेच्या ग्रुपवर टाकून ठेवते.

साँग मेकर म्हणजे गणिताच्या वहीसारखे चौकोन. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर सूर चढत जातो. चौकोनाला बोट लावलं की तो रंगतो आणि वाजतो. खालच्या दोन ओळी ठेक्याच्या. एवढंच. मला वाटलं होतं मुलं लगेच गाणी करतील. मुलांनी घर काढलं. भिंती, छप्पर, दार, वर धुराडंसुद्धा. मग वाजवायचं बटण दाबलं. उभी भिंत म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकदम! अख्ख्या वर्गानं कानावर हात ठेवले आणि लगेच "परत, बाई, परत!" त्यानंतर एकानं स्वतःचं नाव लिहिलं, एकीनं मासा काढला. मासा घरापेक्षा बराच गोड वाजला. अर्धा तास हेच चाललं होतं आणि मी आतून वैतागत होते. आता वाटतं, तो अर्धा तास गेला नसता तर पुढचं काही झालंच नसतं, कारण उभं जास्त काढलं की कलकलाट होतो आणि तिरपं काढलं की गाणं होतं, हे मला कुणाला सांगावं लागलं नाही.

शेवटी तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं जिना काढला. सा रे ग म प ध नी सां, एकेक पायरी. मुलांना एकदम पसंत पडला. "हीच घंटा!" असा ठरावही झाला. पण जिना काढणारीच काही खूश दिसेना. तिनं तो तीनदा वाजवला आणि म्हणाली, "बाई, ह्यातला ग नीट न्हाई."

मी म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर कसा चुकेल?"

ती गप्प बसली. हे वाक्य मी पुढे बरेच दिवस चघळत होते. कारण ती मुलगी सतारमेकर गल्लीतली. घरी ओट्यावर रोज संध्याकाळी तंबोरे लागतात, ते ऐकत वाढलेली. आणि मी कोण? डी.एड.ला पेटीवर 'सारेगम' वाजवून पास झालेली बाई.

पुढच्या शनिवारी ती आजोबांना घेऊन आली. आमच्याकडे आनंददायी शनिवार असतो, दप्तराला सुट्टी, त्यामुळे पाहुणे चालतात. आजोबांना गल्लीत सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. काखेत गवसणीतला तंबोरा. दारातच चपला काढल्या, मुलांच्या सतरंजीवर बसले आणि माझ्याकडे न बघता टीव्हीकडे बघत म्हणाले, "कुटं हाय ते यंत्र?"

मिरजेत काखेत तंबोरा घेतलेला माणूस हे नवल नाही. हत्यारांना धार-पाणी करणारी शिकलगार मंडळी दीड-एकशे वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळली आणि त्यांचे वंशज आजही तीच कामं करतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कात्रण शाळेच्या फळ्यावर अजून आहे. पण माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी तंबोऱ्याला कधी हात लावलेला नव्हता. गल्ली शाळेपासून दहा मिनिटांवर.

चाचांनी आधी साँग मेकरचा सा मागितला. मी तळाचा चौकोन दाबला. निवडलेलं वाद्य मरिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर टिपरी मारून वाजवायचं, होतं; त्याचा आवाज टक् करून विरतो. चाचांनी मान हलवली. मग मी तंतुवाद्याचा आवाज निवडला, वेग अगदी कमी केला, तेव्हा सूर जरा थांबायला लागला. त्या सुरावर ते तंबोरा लावत बसले. खुंट्या पिळून झाल्यावर घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालचे मणी सरकवत. दहा मिनिटं गेली. 31 मुलं दहा मिनिटं गप्प बसलेली मी त्याआधी फक्त इंजेक्शनच्या दिवशी पाहिली होती.

तंबोरा लागला, पण चाचांनी घोडीवरचे दोरे अजून तारांखाली घातले नव्हते. "आता ऐका," म्हणाले आणि छेडला. आवाज कोरडा, लगेच संपणारा. मला तेव्हा सुचलं म्हणून मी त्याच संकेतस्थळावरचं स्पेक्ट्रोग्राम उघडलं. त्यात माईकवर येणारा आवाज चित्रासारखा दिसतो: जाड सूर खाली, बारीक सूर वर, रंगीत पट्टे सरकत जातात. पडदा काळाच राहिला. दोन मिनिटं मी हॉटस्पॉटला शिव्या घालत होते, मग एक मुलगा म्हणाला, "बाई, माईक बंद हाय."

माईक सुरू झाल्यावर पुन्हा छेडलं. तळाशी काही पट्टे उमटले, वरचा भाग जवळजवळ काळा. मग चाचांनी खिशातून सुती दोरा काढला, चार तुकडे केले, एकेक तारेखाली घोडीवर घातला आणि नखानं केसभर-केसभर सरकवू लागले. एका जागी आल्यावर तार बदललीच. भुंगा घुमावा तसा आवाज उठला आणि टीव्हीवर खालपासून वरपर्यंत पट्ट्यांची शिडी उभी राहिली. मुलं ओरडली. दोरा काढला, शिडी गेली. घातला, आली. "ह्याला म्हणायचं जवारी बोलली," चाचा म्हणाले. मी गेली बारा वर्षं मिरजेत राहते. जवारी हा शब्द शेकडो वेळा ऐकला असेल. ती दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

आता गंधार. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून कुणी न छेडता एक ग ऐकू येतो, गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा तो सूर, तारेतच असतो. मला तो पट्टा पडद्यावर बोट ठेवून दाखवायचा होता. पण खालच्या पट्ट्यांची इतकी दाटी की मोजताना कुणी चौथा म्हणे, कुणी सातवा, आणि दोघांची बाचाबाची सुरू झाली. चाचांनी मला लॅपटॉप मिटायला सांगितला. "डोळे झाका. आधी मी गातो, मग गप्प बसतो. मग तुमी हुडका." त्यांनी बारीक आवाजात ग लावला, थांबले, तंबोरा चालूच ठेवला. पहिला हात त्या मुलीचा वर गेला नाही. तो गेला मागच्या बाकावरच्या एका मुलाचा, ज्याचं पाढ्यात कधीच नाव निघत नाही. "चाचा, तुमी थांबलाय पर ग थांबला न्हाई!"

मग साँग मेकरचा ग लावला, तंबोरा चालू ठेवून. दोन्ही एकत्र. काहीतरी घासल्यासारखं, डुलल्यासारखं ऐकू आलं. चाचांनी फक्त "चढा हाय" एवढंच म्हटलं. गंमत म्हणजे साँग मेकरला माईकवर गाऊन दाखवलं तर तो सूर ओळखून चौकोन भरतो. चाचांनी आपला ग गायला तर त्यानं तो उचलून जवळच्या चौकोनात, म्हणजे स्वतःच्या चढ्या गंधारावर, नेऊन बसवला. मुलं खदखदून हसली.

इथे मी फळ्याकडे गेले, कारण हे चौथीच्या गणितात बसतं. सा ची तार 100 वेळा हलत असेल तर तंबोऱ्याचा पाचपटीचा ग 500 वेळा, आणि तोच दोन सप्तकं खाली, सा च्या शेजारी आणला की 125 वेळा. पेटीचा, कीबोर्डचा, या चौकोनांचा ग जवळजवळ 126 वेळा. दोष त्या संकेतस्थळाचा नाही. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की असंच होतं, आमच्या शाळेतली पेटीही तसंच करते. याच भानगडीसाठी शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याच भागात मोजमापं झाली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजत होते आणि त्यांना गाऊन दाखवणारे होते गायक अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. हे मुलांना ठाऊक होतं, उरुसात सगळे जातात. एक मुलगा म्हणाला, "म्हंजे त्यांनाबी ग खटकत हुता?" मी हो म्हणाले. जिना काढणारीनं तेव्हा माझ्याकडे जे पाहिलं ते मला कळलं. मी वर्गासमोर तिला म्हणाले, "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." तिनं फक्त वेणीचं टोक चावलं.

पण घंटेचं काय? वर्गात सभा भरली. एकाचं म्हणणं, खरा तंबोराच वाजवायचा. चाचा रोज मधल्या सुट्टीला येणार का, या प्रश्नावर ते बारगळलं. दुसरी म्हणाली, ग काढूनच टाका. पुसला. चाचा म्हणाले, "नी बी चढाच हाय." तोही पुसला. मग त्यांनी ध कडे पाहिलं, जरा थांबले. "ह्योबी चढाच. पर सगळंच काढलं तर पोरं वाजवणार काय?" ध राहिला.

जिन्यात दोन पायऱ्यांच्या जागी भोकं पडली. मुलांनी वाजवून पाहिलं, मग उतरताना पायऱ्या थोड्या मागे-पुढे केल्या, खालच्या ओळीत ठेका घातला. चाचा गवसणीची नाडी बांधत होते. हात थांबला. "सा रे म प ध. आरं, दुर्गा केला की रं तुमी!" मुलांना राग दुर्गा माहीत नव्हता. त्यांना वाटलं, कुणाची तरी चूक काढतायत. चाचांनी बसल्या जागी दोन ओळी गुणगुणून दाखवल्या, तेव्हा कुठे खात्री पटली.

सोमवारी स्पीकर चार्ज करायला मी विसरले. शिपाईमामांनी नेहमीसारखा लोखंडी टोल दिला. पोरं वर्गात शिरेनात, सातआठजण टोलाखाली माना वर करून उभे, डोळे मिटून, आणि मामा मला विचारतायत, "बाई, ही काय ऐकतायत?"